हातातून उडणारी विमाने

पावसाळ्याच्या प्रारंभी पश्चिमेकडचा वारा जोराने वाहू लागला की पन्हाळगडाच्या पुसाटी बुरुजाकडे एक मौज पाहावयास मिळते. कड्याच्या काठाशी एखादी घार पंख पसरून, हवेत कोणी टांगून ठेवावी तशी स्थिर राहते. ती पंख हलवीत नाही. शेपटीचे टोक किंचित वळविते, एवढेच. खोऱ्यातून येणारा वारा गडाच्या उतारावर आदळतो. त्याला पुढे जाण्यास वाट नसते, म्हणून तो कड्यालगत वर चढतो. या चढत्या वाऱ्यावर घार आपला सारा भार सोपवून देते आणि खालच्या रानातील हालचाल सावकाश न्याहाळीत राहते.

इंजिनावाचून हवेत तरंगणाऱ्या विमानास ग्लायडर म्हणतात, आणि त्याचे वागणे पुष्कळसे या घारीसारखेच असते. शांत हवेत ग्लायडर सदैव खाली उतरतच असते. उतरता उतरता ते पुढे सरकते, आणि पुढे सरकल्यामुळे पंखांभोवतून वाहणारी हवा त्याला उचलून धरते. उतारावर सोडलेल्या सायकलीला पायडल मारावे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. एक मीटर उंची खर्च करून दहा मीटर अंतर कापणारे ग्लायडर मुलांनी घरी बनविलेले असले, तर ते चांगलेच साधले म्हणावयाचे. परंतु भोवतालची हवाच वर चढत असेल, आणि तिचा चढण्याचा वेग ग्लायडरच्या उतरण्याच्या वेगाहून अधिक असेल, तर ते उतरत असूनही वर जाते. वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादा मनुष्य सावकाश खाली उतरू लागला, तर तो शेवटी वरच पोहोचतो. त्यातलाच हा चमत्कार.

माणूस स्वतः विमानात बसून उडू लागला त्याच्या कितीतरी आधी त्याने छोटी विमाने उडविली. इंग्लंडातील जॉर्ज केली याने १८०४ साली एका काठीला पतंग पंखासारखा बांधला, मागे शेपूट बसविले, आणि हे चिमुकले ग्लायडर टेकडीवरून सोडून पाहिले. १८७१ साली पॅरिसमधील एका बागेत अल्फाँस पेनो नावाच्या तरुणाने रबराला पीळ भरून पंखा फिरविणारे छोटे विमान उडविले. ते अकरा सेकंद हवेत राहिले. अकरा सेकंद म्हणजे काही फार नव्हे; पण ते विमान कोणी हात न लावता स्वतःचा तोल सांभाळीत सरळ गेले, हे त्यातील विशेष होते. पेनोच्याच कल्पनेवरून केलेले, रबराच्या पिळावर वर झेपावणारे एक खेळणे १८७८ साली अमेरिकेतील एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. खेळणे लवकरच मोडले, आणि मुलांनी तसेच दुसरे करावयास घेतले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. त्यांनीही प्रथम १९०० ते १९०२ या काळात ग्लायडर उडवून विमानाला वळवावे कसे हे शिकून घेतले, आणि मगच १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाचे विमान उडविले. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने तर ग्लायडर उडविता यावे म्हणून बर्लिनजवळ सुमारे पंधरा मीटर उंचीची टेकडीच रचून घेतली होती. त्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली. १८९६ साली अशाच एका उड्डाणात ग्लायडर कोसळून त्याचा अंत झाला.

विजेवर उडणारी छोटी विमाने त्या मानाने अलीकडची. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडात कर्नल टॅप्लिन यांनी विजेच्या मोटारीवर चालणारे आणि जमिनीवरून बिनतारी लहरींनी वळविता येणारे विमान उडवून दाखविले. त्या काळच्या बॅटऱ्या इतक्या जड होत्या की विमानाची बरीचशी शक्ती बॅटरी वाहून नेण्यातच खर्ची पडे. पुढे लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या निघाल्या आणि अडचण दूर झाली. तेलाचा धूर नाही, कानठळ्या नाहीत, मोटार चिमूटभर, आणि हवी तेव्हा बंद करता येणारी. विजेच्या मोटारीने ग्लायडर वर न्यावे, मोटार बंद करावी आणि मग ते घारीसारखे तरंगू द्यावे, अशी दोन्ही प्रकारांची सोयरीक जुळली.

हा छंद एकट्याने करता येणार नाही असे नाही. बाजारातून विमान आणावे, बॅटरी भरावी आणि गच्चीवरून सोडून द्यावे! असे करणाऱ्याचे विमान बहुधा पहिल्या अर्ध्या मिनिटातच शेजाऱ्याच्या कौलांवर जाते. म्हणून जगात सर्वत्र या छंदाची मंडळे असतात. आपल्या देशात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतही छोटी विमाने तयार करणे आणि उडविणे हा शिक्षणाचा एक भाग आहे.

अशा मंडळाची रीत कोल्हापूरच्या मुलांना चटकन समजेल, कारण ती तालमीसारखी असते. तालमीत गेलेल्या नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणी कुस्तीला उभे करीत नाही. तो हौद्यातील लाल माती उकरतो, इतरांचे डाव पाहतो, आणि वस्तादांची नजर त्याच्यावर असते. विमानांच्या मंडळातही नवा सभासद आधी दुसऱ्यांची विमाने हातात धरतो, बॅटऱ्या ओळीने लावून ठेवतो, वाऱ्याची दिशा दाखविणारी फडक्याची पट्टी काठीला बांधतो. कोणी विमान उतरविताना ‘उतरतोय!’ अशी आरोळी दिली की मैदानाच्या मध्यातून सर्वांनी बाजूला व्हावयाचे, हे तो पहिल्या दिवशीच शिकतो. मुलगा असो वा मुलगी, वर्गणी भरल्याने ती सभासद होते हे खरे; पण इतर सभासद तिला आपली मानू लागतात ते तिने चार दिवस दुसऱ्यांची विमाने झुडपांतून काढून आणल्यावर.

पहिले विमान स्वतः बांधावे, असा जाणत्यांचा आग्रह असतो. तो रास्त आहे. विकतचे विमान मोडले की रडू येते. स्वतः बांधलेले मोडले की ते कोठे मोडले आणि का, हे पाहावेसे वाटते. पंखांसाठी बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. हे झाड दक्षिण अमेरिकेतील. त्याचे लाकूड इतके हलके असते की सागाचा जेवढा तुकडा हातात जड वाटावा, तेवढाच बाल्साचा तुकडा उचलताना काही उचलले असे वाटतही नाही. ते मिळाले नाही तर थर्मोकोल आणि बांबूची कामटी यांवरही काम भागते. पंख दोन्ही बाजूंना किंचित वर उचललेले ठेवतात. वाऱ्याच्या झोताने विमान एका कुशीवर कलले, तर या उचललेल्या पंखांमुळे ते आपोआप पुन्हा सावरते.

बांधून झाल्यावर सर्वांत महत्त्वाची परीक्षा असते ती तोलाची. पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या पाव ते एकतृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट लावून विमान उचलावे. ते आडवे, समतोल राहिले पाहिजे. शेपूट खाली झुकले तर नाकात वजन घालावे. बहुधा बॅटरी थोडी पुढे सरकविली तरी पुरते. शेपटीकडे जड असलेले विमान हवेत गेले की नाक वर करते, त्याचा वेग मंदावतो, पंखांवरून वाहणारी हवा पंखांना धरून राहत नाही, आणि विमान एकदम दगडासारखे खाली येते. याला स्टॉल म्हणतात. नवशिक्यांची बहुतेक विमाने याच कारणाने मोडतात. विमान खाली येत आहे असे दिसले की घाबरलेला मुलगा त्याचे नाक वर ओढतो, आणि ज्याला तो उपाय समजतो त्यानेच ते पडते. अशा वेळी नाक किंचित खाली करून विमानाला वेग येऊ द्यावयाचा असतो. ऐकण्यास हे उफराटे वाटते. हाताला त्याची सवय होण्यास कित्येक रविवार लागतात.

विमान वळविण्याची साधने सोपी आहेत. शेपटीच्या आडव्या भागाची मागची पट्टी वरखाली हलते. तिला एलिव्हेटर म्हणतात. तिने नाक वर किंवा खाली होते. उभ्या भागाची पट्टी, म्हणजे रडर, होडीच्या सुकाणूसारखी डावीउजवीकडे फिरते. या पट्ट्या सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारींना तारेने जोडलेल्या असतात. जमिनीवर उभ्या असलेल्या उड्डाणकर्त्याच्या हातात ट्रान्समीटर, म्हणजे बिनतारी संदेश पाठविणारी पेटी असते. तिच्यावरील दांडी हलविली की हवेतील विमानाची पट्टी हलते. पूर्वी प्रत्येक पेटीची लहर ठरलेली असे आणि एकाच लहरीवर दोघांनी पेट्या चालू केल्या तर दोहोंपैकी एक विमान हमखास कोसळे. म्हणून मंडळांच्या मैदानावर एक फळी असे व तीवर लहरींचे क्रमांक लिहिलेले कपड्यांचे चिमटे असत. ज्याच्या हाती चिमटा त्यानेच पेटी चालू करावयाची. आताच्या पेट्या आपापले विमान ओळखतात आणि एकमेकींच्या आड येत नाहीत. तेव्हा ते चिमटे पुन्हा कपडे वाळत घालण्याच्या कामी लागले.

खरी अडचण विमान आपल्याकडे येऊ लागले की उत्पन्न होते. विमान दूर जात असते तोवर दांडी उजवीकडे केली की ते उजवीकडे जाते. ते वळून समोरून येऊ लागले की त्याचा उजवा पंख पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो, आणि सारेच उलटे होते. यावर जुन्या जाणत्यांनी एक तोडगा काढलेला आहे. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला दांडी न्यावी. जणू दांडीने त्या पंखाला खालून टेकू दिला. हा एक तोडगा पक्का डोक्यात बसला तर पुष्कळ विमाने वाचतात.

शिकविण्यासाठी दोन पेट्या एकमेकींना जोडतात. एक शिकविणाऱ्याच्या हातात, दुसरी शिकणाऱ्याच्या. शिकविणारा एक कळ दाबून धरतो तोवर विमान मुलाच्या ताब्यात असते. मूल गोंधळले की तो कळ सोडतो आणि विमान त्याच्या हाती परत येते. सायकल शिकविताना मागून बैठक धरून पळणाऱ्या थोरल्या भावाचे काम ही कळ करते.

बॅटरीचे काम मात्र मुलांनी एकट्याने करू नये. लिथियमच्या बॅटरीचा एक घट पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट होतो. त्याहून अधिक भरला किंवा बॅटरीला मार बसला, तर ती फुगते आणि पेटूही शकते. पेटलेली बॅटरी काही क्षणांत भयंकर ज्वाळा टाकते. ती भरताना कोणीतरी मोठे माणूस जवळ असावे, खाली फरशी असावी, अंथरूण किंवा लाकडी मेज नसावे, आणि वाळूची बादली हाताशी असावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरावयाची नाही, मग ती कितीही महाग असो. पंख्याच्या बाबतीतही असेच आहे. मोटार लहान दिसते म्हणून मुले तिच्यासमोर बोट नेतात. बॅटरी जोडली की विमान चालू आहे असेच समजावे आणि पंख्याच्या समोर किंवा त्याच्या बाजूच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

आता प्रश्न राहतो तो उडविण्याच्या जागेचा, आणि कोल्हापुरात हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. कोल्हापूर संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळी, १९३९ साली, उजळाईवाडीला विमानतळ सुरू झाला. आज तेथे प्रवासी विमाने ये-जा करतात. महाद्वारापासून हा विमानतळ सरळ रेषेत आठ किलोमीटरांच्या आसपास येतो, आणि शिवाजी विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार तर त्याहून पुष्कळ जवळ. उतरणारे प्रवासी विमान जमिनीजवळ आलेले असते. त्याच्या वाटेत अर्धा किलो वजनाचे खेळणे आले तरी अनर्थ होऊ शकतो. म्हणून २०२१ सालच्या केंद्र शासनाच्या नियमांत विमानतळाच्या हद्दीपासूनची अंतरे घालून दिली आहेत. हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात साठ मीटरांहून उंच उडविण्यास परवानगी लागते, आणि आठ किलोमीटरांच्या आत तर परवानगीवाचून उडविताच येत नाही. मोकळ्या भागातही एकशे वीस मीटर ही मर्यादा आहे. विमान सदैव डोळ्यांना दिसत राहिले पाहिजे, हे वेगळेच. शासनाने देशाचा एक नकाशा प्रसिद्ध केला आहे व त्यात लाल, पिवळा आणि हिरवा असे भाग दाखविले आहेत. कोठे जावयाचे हे ठरविण्याआधी तो पाहावा लागतो. रंकाळ्याच्या काठी किंवा गांधी मैदानात विमान उडवू म्हणणाऱ्या मुलाला म्हणूनच कोणी जाणता सभासद थांबवील. गर्दीवर तर विमान उडवावयाचेच नाही. मग शहरापासून दूर, मालकाची संमती घेऊन, एखादा माळ शोधावा लागतो. पहाटेची एस. टी. धरून, विमानाचे पंख सुटे करून, ते जुन्या चादरीत गुंडाळून माळावर पोहोचणे हा या छंदाचा अर्धा भाग आहे असे म्हटले तरी चालेल.

अशा माळावर पोहोचले की कोल्हापूरची जमीनच शिक्षक होते. गडाच्या उताराशी वारा वर चढतो हे आधी आलेच. सपाट रानात हवा वर चढते ती उन्हामुळे. काळी, नांगरलेली जमीन उन्हात लवकर तापते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते आणि मोठ्या बुडबुड्यासारखी सुटून वर जाते. तिला थर्मल म्हणतात. उलट उभ्या उसाचे रान थंड राहते, कारण पानांतून पाणी सारखे बाष्प होऊन जात असते आणि त्यात उष्णता खर्ची पडते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये, निम्मा ऊस कारखान्याला गेलेला आणि निम्मा उभा असताना, जाणता उड्डाणकर्ता आपले ग्लायडर तुटलेल्या उसाच्या उघड्या रानावर नेतो. तेथे घारी घिरट्या घालीत असतील तर त्याला आणखी काही विचारावे लागत नाही. ग्लायडर त्या हवेत शिरले की त्याचा एक पंख किंचित वर उचलला जातो, जणू कोणी त्याला खालून बोट लावले. तो उचललेल्या पंखाच्या बाजूस वळतो व घिरट्या घालू लागतो. मोटार बंद असते, आवाज काही नसतो, आणि ग्लायडर वर चढू लागते. येथे मात्र मन आवरावे लागते. हवा वर नेत आहे म्हणून जाऊ दिले तर ग्लायडर ठिपक्याएवढे होते. पुढे ते वर आहे की खाली, येत आहे की जात आहे, हेच कळेनासे होते, आणि एकशे वीस मीटरांची मर्यादाही मागे पडलेली असते. तेव्हा वेळीच घिरटी मोडून बाहेर यावयाचे असते.

यावर जगभर स्पर्धाही होतात. १९०५ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विमानोड्डाण संघाने त्यांचे नियम ठरविले आहेत. विजेच्या ग्लायडरांच्या एका स्पर्धेत मोटार आरंभी फार तर तीस सेकंद चालवावयाची असते, आणि एकूण दहा मिनिटांतील उरलेला वेळ निव्वळ हवेच्या आधाराने काढावयाचा. मोटारीने जितके उंच न्याल तितके गुण कमी! आणि वेळ संपता संपता ठरलेल्या खुणेशी उतरावे लागते. एक मीटरच्या आत टेकले तर पूर्ण पन्नास गुण. म्हणजे ज्याने विजेवर कमी विसंबून हवा अधिक चांगली ओळखली, तो पुढे जातो.

उसाचे रान उड्डाणाला जसे शिकविते तसे ते विमान गिळूनही टाकते. उभा ऊस दीड पुरुष उंच असतो. त्यात पडलेले विमान चार पावलांवरून दिसत नाही. नवशिका विमान पडले की धावत सुटतो, बांध ओलांडतो, आणि वीस पावलांतच आपण कोणत्या दिशेने निघालो होतो हे विसरतो. मंडळात त्याला सांगितलेले असते की विमान पडताना दिसले तर पाय हलवू नयेत. जेथे उभे असाल तेथूनच हात त्या दिशेला सरळ धरावा आणि त्या रेषेत दूरचे एखादे झाड किंवा विजेचा खांब लक्षात ठेवावा. दुसऱ्या कोणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून ते पडताना पाहिले असेल तर त्यानेही तसेच करावे. दोघांच्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तेथे विमान. भूमितीचा हा उपयोग वर्गात सहसा कोणी सांगत नाही. मग शेतमालकाला विचारावयाचे. विचारल्यावाचून पिकात शिरावयाचे नाही. एकाने बांधावर उभे राहून ट्रान्समीटरची दांडी हलवीत राहावयाचे, म्हणजे उसात कोठेतरी सर्व्होचा किर्र आवाज होतो, आणि आत शिरलेल्याने श्वास रोखून तो ऐकावयाचा. उसाच्या पात्यांनी हात, मान, गाल कापले जातात आणि घामाने ते रात्रभर चुरचुरतात. म्हणून अशा मंडळींच्या पिशवीत पक्कड, डिंक, जादा पंखे आणि बॅटऱ्या यांच्याबरोबर पूर्ण बाह्यांचा एक जुना सदराही असतो.